चंद्र पडत का नाही? सीमाभागातल्या शाळेत गुरुत्वाकर्षण आणि अवकाश शिकवायला निघालेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेत नुकतेच रुजू झालेले अतिथी शिक्षक, सरावपाठाला आलेले बी.एड.चे विद्यार्थी, सुट्टीत गावी येऊन "मुलांना जरा सायन्सचं काहीतरी दाखवूया" म्हणणारे इंजिनिअर, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. पाचवी ते नववीची मुलं डोळ्यांसमोर धरली आहेत. प्रयोगशाळा नाही, प्रोजेक्टर असला तरी तासाला वीज असेलच असं नाही, हेही धरलंय.

बहुतेक नवी माणसं सुरुवात चांद्रयानाच्या व्हिडिओने करतात. मुलं टाळ्या वाजवतात, विक्रम आणि प्रज्ञान ही नावं त्यांना आधीच पाठ असतात, आणि तास संपतो. त्याच वर्गाला विचारून बघा: यान चंद्राभोवती घिरट्या घालत होतं तेव्हा त्याचं इंजिन चालू होतं की बंद? "चालू"ला ढीगभर हात वर जातात. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी पडणं, मग वजन, मग पडतच राहणं, आणि रॉकेट सगळ्यात शेवटी. उपग्रह, चंद्र, अंतराळवीर, सगळ्यांच्या गोष्टी पडण्याच्याच आहेत. एवढं हाताला कळलं की इस्रोची बातमी मुलं आपली आपण समजून घेतात.

१. आधी त्यांच्या मनात काय आहे ते काढून घ्या

पहिल्या तासाला काही शिकवू नका. फळ्यावर मोठा गोल काढा, ही पृथ्वी. वर, खाली, डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक मूल उभं करा. प्रत्येकाच्या हातात दगड. दगड सुटला तर कुठे जाईल, ते बाणाने आपापल्या वहीत दाखवायला सांगा. नावं लिहून घेऊ नका, नाहीतर मुलं शेजारच्या वहीत बघून काढतात.

बरेच बाण फळ्याच्या तळाकडे, म्हणजे खडूच्या पेटीकडे जातात. खालच्या बाजूचं मूल पृथ्वीवरून निसटून पडतं. तिथेच "चूक" म्हणू नका. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा, वर्गात टांगा आणि विचारा, हा कुठे बोट दाखवतोय? जमिनीकडे. अजून खोल गेलो तर? शेवटी कुणीतरी "मधी, सर, पार मधी" म्हणतंच. मग फळ्यावर चारही मुलांच्या हातात ओळंबे काढा. "खाली" म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे, ही एक गोष्ट पक्की झाली तरी पहिला तास सत्कारणी लागला.

याच तासाला आणखी तीन प्रश्न विचारून ठेवा: जड वस्तू आधी पडते का? चंद्रावर हवा नाही, मग ओढ आहे का? अंतराळवीर तरंगतात ते का? उत्तरं वहीत राहू द्या, पुढे लागतील.

२. पडणं: डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा

"दगूड जड हाय की, म्हणून आधी पडतंय." या वाक्याशी वाद घालू नका, बाकावर चढा. एका हातात मुठीएवढा दगड, दुसऱ्या हातात चिंचोका. खाली पत्र्याचं झाकण ठेवा. मुलांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही एकदम सोडा. आवाज एकच येतो. डोळे उघडे असले की मुलांना जे वाटतं तेच दिसतं. कान तेवढे पक्षपाती नसतात.

मग वही आणि कागद. सुटा कागद हेलकावे खात मागे राहतो. तोच कागद वहीवर ठेवा (वहीच्या कडेबाहेर यायला नको) आणि वही आडवी सोडा. दोन्ही बरोबर उतरतात. एखादी चलाख मुलगी म्हणेल, "वहीनं हवा अडवली." बरोबर आहे तिचं. तिलाच कागदाचा घट्ट बोळा करून वहीच्या शेजारी सोडू द्या. म्हणजे मागे ठेवणारी हवा होती, कागदाचं हलकेपण नव्हे. इथे अपोलो-१५ची गोष्ट सांगा: १९७१ साली डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं, दोन्ही एकाच वेळी खाली पोचली. त्यातच दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे: हवा नाही, तरी ओढ आहे.

"का?" हा प्रश्न आठवी-नववीत येतोच. जड दगडाला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरं, पण त्याला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. हिशेब तिथल्या तिथे फिटतो.

आकडे मोजकेच द्या. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर जाते, दोन सेकंदांत एकूण १९.६, तीन सेकंदांत ४४.१. पाचवी-सहावीला ५, २०, ४५ एवढं पुरे. स्टॉपवॉचने वर्गात मोजायच्या भानगडीत पडू नका. तीन मीटरवरून पडायला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढा वेळ बटण दाबण्यातच जातो. फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करा.

पावसाळ्यात सहल गोकाकला गेलीच तर धबधबा नुसता फोटोपुरता ठेवू नका. घटप्रभेची ती उडी साधारण ५२ मीटरची आहे. हवा मध्ये नसती तर पाणी सव्वातीन सेकंदांत तळाला पोचलं असतं आणि ताशी सुमारे ११५ किलोमीटर वेगाने आपटलं असतं. पाण्याचा एखादा पांढरा लोट नजरेने धरून मुलांना मोजायला सांगा. वेळ जास्त येईल, कारण पाणी फुटतं, तुषार होतात, हवा त्यांना धरते. आकडा जुळला नाही म्हणून घाबरायचं नाही. जो फरक पडला तोच त्या दिवसाचा धडा. मोजायचं मात्र कठड्याच्या अलीकडून, ओल्या खडकावर एकालाही पाय ठेवू द्यायचा नाही.

३. वजन

हा भाग लवकर उरकतो. दोन काटे लागतात: दोन पारड्यांचा तराजू आणि भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा स्प्रिंगकाटा. एक किलो तांदूळ दोन्हींवर मोजा आणि विचारा, चंद्रावर काय दिसेल? तराजूत पलीकडचं मापही तेवढंच हलकं होतं, म्हणून तो एक किलोच दाखवणार. स्प्रिंगकाटा १७० ग्रॅमच्याही आत थांबेल. वस्तुमान आणि वजन यांतला फरक व्याख्येपेक्षा असा लवकर बसतो. चंद्रावर ओढ आपल्या सहाव्या हिश्श्याएवढी, मंगळावर सुमारे ३८ टक्के, गुरूच्या ढगांच्या माथ्यावर जवळजवळ अडीचपट. हिशेबाला मुलांची स्वतःची वजनं घेऊ नका. वर्गात वजन मोठ्याने वाचलं की कुणाची तरी टिंगल होते. दप्तराचं वजन घ्या. त्याबद्दल तक्रार करायला सगळेच तयार असतात.

४. पडतच राहणं

इथे घाई करू नका. दोन-तीन तास गेले तरी चालतील, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

बाकाच्या कडेला दोन नाणी घ्या. एक टिचकीने आडवं उडवायचं, दुसरं त्याच क्षणी सरळ खाली पाडायचं. पट्टीच्या एका टोकावर एक नाणं आणि दुसऱ्या टोकासमोर दुसरं ठेवून पट्टी झटक्याने फिरवली की हे जमतं. घरी आधी सराव करून या. दोन्ही नाण्यांचा आवाज एकदमच येतो. म्हणजे आडवं जाणारं नाणंही पडण्यात कसूर करत नाही, फक्त पुढे जाऊन पडतं.

मग येळ्ळूरच्या राजहंसगडावर एक तोफ ठेवा, मनातल्या मनात. गोळा आडवा सुटला, अमुक अंतरावर पडला. बार वाढवला, आणखी लांब पडला. अजून वाढवला तर? इथे पृथ्वी गोल आहे हे कामाला येतं. दर ८ किलोमीटरला तिचा पृष्ठभाग साधारण ५ मीटर खाली वळतो. आणि गोळा सेकंदाला किती पडतो? मुलांच्या वहीत ते लिहिलेलं आहे: पाच मीटर. तर मग गोळा सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने गेला तर काय होईल? एवढं विचारून गप्प बसा. गोळा पाच मीटर पडेल आणि जमीनही पाच मीटर खाली सरकलेली असेल. (हवा नाही असं धरायचं, हवा असेल तर गोळा पेटून जाईल, आणि उपग्रह एवढ्या वर नेतात ते त्यासाठीच.) हे उत्तर कुणाच्या तरी तोंडून येईपर्यंत थांबा. तुम्ही सांगितलं तर पाठ होईल, त्यांनी काढलं तर राहील.

गोफण अजून शेतावर आहे अशा गावांत ती वर्गात आणता येते. दगडाऐवजी मोज्यात रबरी चेंडू घाला आणि मैदानात मुलांना लांब उभं करा. सोडण्याआधी विचारा, चेंडू कुठल्या दिशेने जाईल? "बाहेर," म्हणतात. प्रत्यक्षात सुटतो त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ जातो. ओढ संपली की वळणं संपलं. एवढं सांगून झाल्यावर पृथ्वी आणि चंद्र यांच्यात दोरी नाही, हेही सांगायला विसरू नका, कारण परीक्षेत दोरी लिहिणारे निघतात. ताणलेल्या चादरीवर गोट्या सोडण्याचा खेळ सगळीकडे दाखवतात. मला तो लहान वर्गांसाठी आवडत नाही. चादर खाली झुकते तीच मुळी गुरुत्वाकर्षणाने, मग समजावलं काय?

आता तरंगण्याचा प्रश्न. मुलांना चेंडूची पृथ्वी दाखवा. टेनिसचा चेंडू पृथ्वी धरला तर चंद्र म्हणजे एक मोठीशी गोटी, आणि ती ठेवायची दोन मीटर लांब. बहुतेक जण चेंडूला चिकटूनच ठेवतात. सूर्य सात मीटरांहून रुंद होतो आणि जवळपास आठशे मीटर दूर जातो. मग विचारा, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक कुठे? उत्तर ऐकून मुलं हसतात: चेंडूपासून दोन मिलिमीटर वर. खरी उंची सुमारे ४०० किलोमीटर. बेळगावहून मुंबई सरळ रेषेत साधारण तेवढीच आहे, बेंगळुरू तर त्याहून लांब. स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा ते आपल्या राजधानीपेक्षा जवळ असतं! (कुठली राजधानी आपली, हा तास दुसऱ्यांचा.)

तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. मग २०२५च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला तिथे तरंगत कसे होते? बाटली घ्या. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागते. आता बाटली बाकावर उभं राहून खाली सोडा. हवेत असेपर्यंत धार थांबते. पाणी आणि बाटली बरोबर पडतात, मग कोण कुणावर दाब देणार? धीट वर्ग असेल तर बाटली वर फेकून झेला. वर जातानाही धार बंद असते, आणि त्यावर जो गोंधळ उडतो तो उडू द्या. स्थानक, त्यातली माणसं, त्यांचा चमचा, सगळे एकत्र पडताहेत. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे आणि चार मीटरांहून थोडं जास्त खाली. बेळगावहून सांबऱ्याचा विमानतळ दहा-अकरा किलोमीटर. तेवढं अंतर दीड सेकंदात. पृथ्वीला एक फेरी सुमारे दीड तासात.

नववीच्या मुलांना न्यूटनचा हिशेब करू द्या. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्याच ६० त्रिज्या दूर. अंतर दुप्पट तर ओढ पावपट, म्हणून इथे ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पट कमी. ४.९ मीटरला ३६०० ने भागा. चंद्र दर सेकंदाला साधारण १.४ मिलिमीटर पडतो.

५. रॉकेट, आता

सुतळीवर नळी, नळीला फुगा: लहान वर्गांना एवढं पुरतं. मोठ्यांसाठी पाण्याचं रॉकेट करा. बाटली सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच घ्या, ती दाब सोसायला बनवलेली असते. पाण्याच्या पातळ बाटल्या फुटतात. एक तृतीयांश पाणी, रबरी बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि सायकलचा पंप. पंप मारणाऱ्याशिवाय कुणी जवळ नको, बाटलीवर वाकून बघायचं नाही, बूच सुटलं नाही तर हाताने ओढायचं नाही. पाण्याशिवायही एकदा उडवून बघा. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, ते मागे फेकलं गेलं की रॉकेट पुढे जास्त जातं, हे तुलनेतूनच कळतं.

६. मग चांद्रयान

आता ती नावं कामाची. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ उडालं ते थेट चंद्राकडे गेलंच नाही. पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत, जवळचं टोक १७० किलोमीटर आणि लांबचं ३६,५०० किलोमीटर. पृथ्वीजवळून जाताना इंजिन थोडा वेळ चालवायचं, की लांबचं टोक आणखी लांब जातं. असं करत करत १ ऑगस्टला चंद्राची वाट धरली, ५ ऑगस्टला चंद्राच्या ओढीत पकडलं गेलं, २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं. अपोलो-११ चार दिवसांत उतरलं होतं, पण त्याच्याकडे प्रचंड रॉकेट होतं. आपण छोटं रॉकेट आणि मोठा धीर वापरला. इंजिन मोजकी मिनिटं चालू, बाकी सगळं पडणंच.

उतरण्याचा भाग मुलांना करून दाखवायला सांगा. तीस किलोमीटर उंचीवर विक्रम सेकंदाला १.६८ किलोमीटर वेगाने आडवा धावत होता आणि १९ मिनिटांत तो वेग शून्यावर आणायचा होता. पॅराशूट का नाही? पहिल्या दिवशीच्या वहीतच उत्तर आहे. शुक्लांचं यान मात्र पॅराशूटनेच समुद्रात उतरलं.

आपल्या राज्याच्या, म्हणजे कर्नाटकाच्या नकाशावर ठिपके लावून घ्या. बेंगळुरूतल्या पीण्याला भारताचा पहिला उपग्रह, १९७५चा आर्यभट्ट, बांधला गेला (उडाला सोव्हिएत रॉकेटवर, १९ एप्रिलला), आणि ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते यू. आर. राव उडुपीकडचे. हासनहून भूस्थिर उपग्रह (पृथ्वीबरोबरच फिरत आकाशात एकाच जागी दिसणारे) सांभाळले जातात. बेंगळुरूजवळच्या ब्यालाळूच्या ३२ मीटरच्या अँटेनाने चांद्रयानाशी बोलणं चालायचं. रेडिओ संदेश चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद. पलीकडच्या बाजूला कोल्हापूर: जयंत नारळीकरांचा जन्म तिथला, १९३८चा.

"भास्कराचार्यांनी आधी सांगितलं होतं ना?"

हा प्रश्न पालकसभेत किंवा एसडीएमसीच्या (शाळेच्या देखरेख समितीच्या) बैठकीत येणारच. टाळू नका. त्यांच्या ११५०च्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, तीमुळे आकाशातली जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते, असं स्पष्ट आहे. पृथ्वी आधाराशिवाय अवकाशात आहे, हेही त्यांनी युक्तिवादाने मांडलं. न्यूटनने १६८७ला जे केलं ते वेगळं: अंतर दुप्पट तर ओढ पावपट, असा नियम, आणि तोच नियम दगडाला आणि चंद्रालाही. दोन्ही सांगा, दोन्हींचा मान राखा, एकाला मोठं करायला दुसऱ्याला खाली ओढू नका. भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटण्याचे, यावरही दोन्ही राज्यांचे दावे आहेत. त्यात पडलात तर तास संपेल.

७. आकाश केव्हा दाखवायचं

जून ते सप्टेंबर बेळगावात आकाशाची आशा धरू नका. ते महिने पडण्या-वजनाचे. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन, रॉकेट त्या दिवशी, पाऊस उघडला तर. स्पुतनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या स्मरणार्थ ४ ऑक्टोबरपासूनचा जागतिक अवकाश सप्ताह दसऱ्याच्या सुट्टीत अडकू शकतो, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश मोकळं असतं. शहरातल्या दिव्यांतून तारे दिसत नाहीत, पण जांबोटी, कणकुंबीकडे गेलात तर मुलं मान खाली करणार नाहीत. साध्या दुर्बिणीतूनही गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओने १६१०ला तेच बघितले होते.

चंद्र शिकवायला संकष्टी चांगली. घरात कुणीतरी चंद्रोदयाची वाट बघत असतंच. पौर्णिमेला संध्याकाळी उगवणारा चंद्र चार दिवसांनी रात्री नऊच्या सुमारास का उगवतो? दिनदर्शिकेतली वेळ लिहून आणायला सांगा. रोज सरासरी पन्नास मिनिटांचा उशीर मुलं स्वतः शोधतात. छापलेली वेळ दुसऱ्या शहराची असेल तर काही मिनिटांचा फरक पडेल.

शून्यछाया दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, सुट्टीत येतो, तरी सोडू नका: खानापुरात ३ मेच्या, बेळगावात ४ मेच्या आणि निपाणी-चिकोडीकडे ६ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आगेमागे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. ओळंब्याच्या दोरीला सावलीच उरत नाही. खानापूरच्या आणि निपाणीच्या मुलांना एकमेकांना फोन करायला लावा: एकाच दिवशी दोघांकडे असं का होत नाही? दोघांचं "खाली" थोड्या वेगळ्या दिशेला आहे म्हणून.

८. तपासणी

फळ्यावर महत्त्वाचे शब्द मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून ठेवा. प्रतिभा कारंजी या शालेय स्पर्धेला कन्नडमध्ये बोलावं लागतं आणि दहावीनंतर सायन्सला इंग्रजी येतं. व्याख्या विचारू नका. एकच प्रश्न द्या: अवकाश स्थानकाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीराच्या हातून पाना सुटला, तो कुठे जाईल?

"सरळ पृथ्वीवर पडेल" लिहिणाऱ्यांकडून नाण्यांचा प्रयोग पुन्हा करून घ्या. "दूर अवकाशात निघून जाईल" लिहिणाऱ्यांना राजहंसगडाची तोफ पुन्हा. "तिथंच तरंगत राहील, कारण ओढ नाही" यांना बाटली. "तोही अंतराळवीराबरोबरच पडत राहील" याला पूर्ण गुण. आणि मग खरी हकिगत सांगा: २००८च्या नोव्हेंबरमध्ये स्थानकाबाहेर काम करताना एका अंतराळवीराची हत्यारांची पिशवी अशीच सुटली. ती कित्येक महिने पृथ्वीभोवती फिरली आणि २००९च्या ऑगस्टमध्ये वातावरणात शिरून जळाली. "मग ती खाली आलीच कशी?" असं एखाद्याने विचारलं तर त्या उंचीवरही अगदी विरळ हवा असते, ती वेग खाते, एवढं सांगा, आणि बाकीचा हिशेब त्यालाच फळ्यावर मांडायला द्या.